काडीकचऱ्यापासून इंधनवायू : टाकीतील सूक्ष्मजीवांचे कार्य

मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्यात आले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने शेणावरील संयंत्रे खेडोपाडी नेली. २०१८ पासून गोबरधन योजनेखाली शेणाच्या जोडीला शेतातील काडीकचराही इंधनासाठी वापरण्यावर भर देण्यात येत आहे. तथापि, शेणावर सुरळीत चालणाऱ्या टाकीत भाजीपाल्याचा कचरा एकदम लोटला, की काही दिवसांतच शेगडी विझते. गृहिणी पुन्हा लाकूडफाट्याकडे वळते आणि दोष मात्र बांधकामाला दिला जातो. वास्तविक बिघडलेला असतो तो टाकीतील सूक्ष्मजीवांचा मेळ.

हे सूक्ष्मजीव शेणाबरोबरच, जनावराच्या पोटातून येतात. काही जीवाणू तंतुमय पदार्थांची साखर करतात, काही त्या साखरेची आम्ले बनवितात. अखेरचा गट आम्लापासून मिथेन तयार करतो. १९७७ पासून शास्त्रज्ञ या शेवटच्या गटाला जीवाणूंहून निराळे कूळ मानू लागले. त्याला हवा मुळीच सोसत नाही व त्याची वाढही मंद असते. आम्ल करणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेन करणाऱ्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. मऊ कचरा अधिक पडला की आम्ल साचते, सामू ६.५ च्या खाली जातो आणि मिथेन बनणे थांबते. रबडीला आंबूस वास येतो, वायू पेट घेत नाही. अशा वेळी भरणा थांबवून चांगल्या संयंत्रातील रबडी टाकीत सोडावी. चुन्याची निवळीही उपयोगी पडते, पण ती बेताने घालावी.

पाचट व गव्हाचे काड यांची अडचण उलट आहे. त्यांतील लिग्निन हे काष्ठद्रव्य हवेवाचून जवळजवळ कुजत नाही. शिवाय कर्ब-नत्राचे प्रमाण २० ते ३० असावे लागते, ते काडात ८० च्या आसपास असते. म्हणून काड बारीक तोडून, शेणकाल्यात भिजवून काही दिवस ढिगात ठेवावे. बुरशी ते मऊ करते. यात थोडा कर्ब वाया जातो, परंतु उरलेला लवकर पचतो. गोमूत्राने नत्राची उणीव भरून निघते.

नव्या कचऱ्याचे प्रमाण आठवड्याआठवड्याने थोडेथोडे वाढवावे. थंडीत सूक्ष्मजीव मंदावतात, तेव्हा भरणा कमी करणेच इष्ट. ग्रामपंचायतीच्या सामाईक संयंत्रावर नेमलेल्या माणसाजवळ सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या असाव्यात आणि रोजचा भरणा वहीत नोंदलेला असावा.