फ्रेंच एम.ए. : तयारी कशी करावी?

प्रश्न : मी बी.एस्सी. असून डेल्फ बी१ उत्तीर्ण आहे. एम.ए. फ्रेंच करायचे आहे. व्याकरण पक्के आहे, पण फ्रेंच चित्रपटातले निम्मे संवाद डोक्यावरून जातात. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही शिकलात ती लेखी फ्रेंच. बोलताना नकारातला 'न' सर्रास गळतो. 'ज न से पा' (मला माहीत नाही) तोंडी 'शे पा' होते. आरएफआय या फ्रेंच रेडिओचे सोप्या फ्रेंचमधले बातमीपत्र रोज ऐका आणि नंतर संहितेशी ताडून पाहा.

एम.ए.आधी बी२ गाठलेली बरी. तिथे भाषेइतकाच समाजही अभ्यासावा लागतो. धर्म आणि शासन वेगळे करणारा 1905 चा कायदा ठाऊक नसेल, तर शाळेतल्या धार्मिक चिन्हांवर बंदी घालणाऱ्या 2004 च्या कायद्यावरचा वाद उमगणार नाही. पॅरिसपुरते थांबू नका. सेनेगल, अल्जीरिया, क्वेबेकचे लेखनही वाचा. सुरुवात 2022 च्या नोबेलविजेत्या आनी एर्नोपासून करा. वाक्ये छोटी, आशय खोल.

निबंधाचा सराव आजच सुरू करा. फ्रेंच पद्धतीत आधी प्रश्न नेमका मांडतात, मग दोन-तीन भागांत युक्तिवाद रचतात. नुसती माहिती ओतली, तर गुण मिळत नाहीत.

मुंबई, पुणे आणि गोवा विद्यापीठांचे प्रवेशनियम तपासून घ्या.