पंप चालू, पाणी बंद

ॲक्वापोनिक्स आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्स या दोन छंदांचं चांगलं जमतं. माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यात चढवायचं, तिथल्या जिवाणूंनी माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करायचं, झाडांनी ते शोषून घ्यायचं आणि निवळलेलं पाणी परत टाकीत सोडायचं. या फेऱ्यात जागोजागी सेन्सर लावता येतो, रिले बसवता येतो, प्रोग्राम लिहिता येतो. हात शिवशिवणाऱ्या माणसाला याहून काय हवं? पण ठिबकचा टायमर एक दिवस चुकला तर रोप मान टाकतं आणि पाणी मिळालं की सावरतं. माशांना तेवढी सवड नसते. भर उन्हाळ्यात दाटीच्या टाकीतली हवा थांबली, तर काही तासांत खेळ आटोपतो.

नागपुरात आमच्या गच्चीवर हिरव्या शेडनेटखाली कोई कार्पची टाकी आहे. शेजारच्या वाफ्यांत पालक आणि पुदिना. पाणी चढवायला इकडे सर्रास मिळणारा कूलरचा पंप आणि तो दर तासाला पंधरा मिनिटं चालवायला ईएसपी-32 बोर्ड व रिले. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस, चालू होता, रात्रीही पाणी कोमट होतं. पहाटे वर गेले तेव्हा सगळे मासे पृष्ठभागाशी गोळा होऊन तोंडं उघडझाप करत होते. छोट्या पडद्यावर अक्षरं होती, ‘पंप चालू’. रिलेचा लाल दिवाही लागलेला. पाइपला हात लावला तर थरथर नाही. पंपाची पिन थेट सॉकेटमध्ये घातली आणि पाणी सुरू झालं. पंप चांगला होता, बोर्ड चांगला होता, प्रोग्रामही बरोबर होता. नंतर रिलेची निळी डबी कापून पाहिली, तेव्हा आतले दोन्ही संपर्कबिंदू जळून काळे पडलेले दिसले. काही मासे वाचले नाहीत. मोठे आधी गेले, कारण ऑक्सिजन कमी पडला की मोठ्या माशांना त्याची झळ आधी बसते.

पडद्याने खोटं सांगितलं नव्हतं. बोर्डाला फक्त आपण दिलेला हुकूम ठाऊक होता. पाणी वाहतंय की नाही, हे त्याला कुणी कळवतच नव्हतं. म्हणून हा छंद करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट कळकळीने सांगते. यंत्रणा कधीतरी बंद पडणारच, हे धरून चाला आणि ती बंद पडली तरी मासे जगतील अशी तिची मांडणी करा.

पहिली गोष्ट हवेची. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. मासे, जिवाणू, मुळं सगळ्यांचा श्वास त्यातूनच चालतो आणि पाणी तापलं की माशांची गरज उलट वाढते. त्यामुळे एअर पंप बोर्डाच्या ताब्यात देऊच नका. तो स्वतंत्र आणि अखंड चालू ठेवा. वीज गेल्यावरची सोयही त्याच्यासाठी आधी करा. अर्धा अँपिअर घेणारा 12 व्होल्टचा डीसी एअर पंप 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीची निम्मी क्षमता वापरून सुमारे सात तास चालतो. उन्हाळ्यातली एक रात्र तेवढ्यात निभावते.

दुसरी गोष्ट रिलेची. त्यावर छापलेले 10 अँपिअर वाचून निर्धास्त होऊ नका. तो आकडा हीटरसारख्या भाराचा असतो. मोटर बंद होताना संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडते आणि ते हळूहळू झिजतात. तासाला एकदा पंप चालू-बंद केला, तर वर्षाला 8,760 वेळा ही झीज होते. त्यापेक्षा पंप अखंड चालू ठेवून वाफ्यात बेल सायफन बसवा. वाफा भरला की सायफन तो आपोआप रिकामा करतो. त्याला ना प्रोग्राम लागतो ना रिले. रिले लावायचाच असेल, तर पंप ‘नॉर्मली क्लोज्ड’ टोकावर जोडा, म्हणजे बोर्ड मेला तरी पंप चालू राहील. टाकीत नळाचं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह मात्र याच्या उलट, ‘नॉर्मली ओपन’ टोकावर आणि बंद स्थितीत राहणारा हवा. तो उघडा अडकला, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांचा घात करतं.

तिसरी गोष्ट पुराव्याची. पाइपवर प्रवाह मोजणारा सेन्सर किंवा वाफ्यात फ्लोट स्विच लावा आणि पडद्यावर त्याचीच खबर दाखवा. पाणी वाहिलं नाही, तर घरात बझर वाजला पाहिजे. नुसत्या मोबाइलच्या संदेशावर विसंबू नका, कारण वीज गेली की वायफायचा राउटरही जातो. बझरला बॅटरी स्वतंत्र द्या.

आता माणसांच्या जिवाची गोष्ट. 230 व्होल्टची तार आणि पाणी शेजारी असतील, तिथे गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खणखणीत अर्थिंग हवंच. हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर घ्या आणि तार सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी मेन बंद. जमेल तिथे 12 व्होल्टचे डीसी पंपच वापरा.

धातूंकडेही लक्ष द्या. शेवाळ मारायला ज्या मोरचुदाचा वापर होतो, तो तांब्याचाच क्षार आहे. तांबं माशांना आणि गोगलगायींना विषारी असतं, जस्तही तसंच. उघडी तांब्याची तार, पितळी जोड, गॅल्व्हनाइझ्ड पत्रा पाण्यात नको. सोल्डर केलेला जोड पाण्याखाली ठेवायची वेळ येऊ देऊ नका. तापमानाचा सेन्सर स्टीलच्या नळीतला घ्या आणि नळीच्या तोंडाशी पाणी झिरपतंय का, हे अधूनमधून पाहा.

पीएचच्या सेन्सरवरही आंधळा भरवसा नको. त्याचं माप हळूहळू सरकतं, म्हणून तो 4 आणि 7 पीएचच्या द्रावणात नियमित तपासावा लागतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 वरून 8 वर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग सुमारे नऊपट होतो. त्यामुळे थेंब टाकून रंग बघायचा साधा संच घरात ठेवा आणि सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

तुम्ही गावाला गेलात, तर मागे राहिलेल्या माणसाला यंत्रणा सांभाळता आली पाहिजे. बोर्डाला वगळून पंप थेट चालू करणारं एक बटण ठेवा आणि त्याशेजारी स्पष्ट मराठीत पाटी लावा, ‘पाणी थांबलं तर हे दाबा’. शेजारच्या काकूंना ते एकदा दाबायला लावा.

हे सगळं तपासायला वेळ आपोआप मिळतो. नव्या यंत्रणेत जिवाणूंची वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर थोडा अमोनिया घालत मासे न सोडताच पाणी फिरवता येतं. याच काळात यंत्रणा मुद्दाम बिघडवून पाहा. बोर्डाची पिन काढा, मेन बंद करून पुन्हा चालू करा, पाइप दाबून धरा, राउटर बंद करा. दर वेळी बुडबुडे चालू राहिले का, पाणी थांबल्यावर बझर वाजला का, वीज आल्यावर पंप हात न लावता सुरू झाला का, हे वहीत लिहा. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मासे दुकानातच राहू द्या. जे चुकलं ते दुरुस्त करा, यंत्रणा पुन्हा बिघडवून पाहा आणि सगळी उत्तरं ‘हो’ आली, की मगच मासे घरी आणा.