पोरांना बोलव, रंगांचं मी सांगते

अगं, लेकीच्या मैत्रिणींना रविवारी चित्रं काढायला घरी बोलवायचं तू कबूल करून बसलीस आणि आता हॉलकडे बघून तुझ्या पोटात गोळा आलाय, हे मला फोनवरच्या आवाजावरूनच कळलं. वन बीएचके, फिक्या रंगाचा सोफा, जरा धपधप झाली की वर येणारे खालच्या मजल्यावरचे काका आणि ओले ब्रश घेतलेली आठ-दहा पोरं. खरं सांगू का, हे सगळं तुला जमणार आहे. फक्त तीन गोष्टी मनाशी पक्क्या कर. रंग कमी ठेवायचे, कागद मोठा ठेवायचा आणि मोठ्यांचे हात चित्रापासून लांब ठेवायचे. बाकीचं सगळं यातूनच सुटत जातं.

आधी रंगांचं बोलू, कारण तू बारा बाटल्यांचा सेट कार्टमध्ये टाकून ठेवला असशील. काढून टाक. लहान मुलांपुढे बारा रंग ठेवले की दहा मिनिटांत सगळ्या वाट्यांत एकच चिखली रंग होतो, मग एकीचं लाल बिघडलेलं असतं, दुसरीचं पिवळं, आणि तू मध्ये उभी राहून भांडणं सोडवत बसतेस. त्यापेक्षा तुझ्या कपाटात बघ. जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला आणलेला खाकी कागदाचा रोल उरलाच असेल. तो आणि एक पांढरा रंग, एवढ्यावर पार्टी होते. पांढऱ्यात मिसळायला दुसरं काही नसल्यामुळे तो कुणाचा बिघडत नाही. खाकीवर तो इतका उठून दिसतो की पाच वर्षांच्या पोराची वाकडी रेघसुद्धा छान वाटते. आणि सांडला तरी तो पांढरा, हे तुझ्या सोफ्याच्या दृष्टीने बघ.

तुझ्या लक्षात आलंच असेल, मी वारली चित्रांबद्दल बोलतेय. आपण उपनगरातल्या बायका वारलीच्या कुर्त्या घालतो, कपांवर वारली नाच असतो, पण मुलांना हे सांगत नाही की ही माणसं आपली शेजारी आहेत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणि गोरेगावच्या आरेत आजही वारल्यांचे पाडे आहेत. तिकडे डहाणू, तलासरीच्या बाजूला लग्नघरात बायका भिंतीवर चौक काढतात, मध्ये पालघाट देवी असते, आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. रंग म्हणजे तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मुलांना हे सांगितलंस ना, की त्यांचे डोळे मोठे होतात. रंग स्वयंपाकघरात तयार होतो, ही गोष्ट त्यांना फार आवडते. फक्त एक पाळ, चौक आणि देवी मुलांकडून काढून घेऊ नकोस. तो वारल्यांच्या लग्नविधीचा भाग आहे. आपण नाच, झाडं, माणसं, जनावरं काढावीत.

पावसाळा नसेल तर रंग घरीच कर. वाटीभर तांदळाच्या पिठात थोडं थोडं पाणी घालत जा, डोशाच्या पिठापेक्षा जरा पातळ झालं की थांब, आणि चमचाभर फेविकॉल घाल. नीट गाळून घे, गुठळी राहिली तर काडीने ओढता येत नाही. एक मात्र मुलांना आधीच सांगून ठेव, हा रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की पांढराशुभ्र होतो. नाहीतर पोरं 'दिसत नाही, दिसत नाही' करत थरावर थर देतात आणि कागद फाटतो. पावसाळ्यात मात्र पिठाच्या नादाला लागू नकोस, दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि झुरळांना आमंत्रण जातं. तेव्हा सरळ पांढऱ्या पोस्टर कलरची मोठी बाटली आण. पोस्टर कलर पाण्याने निघतो. फॅब्रिक पेंट आणि ॲक्रिलिक घेऊ नकोस, ते एकदा वाळले की कपड्यांवरून निघत नाहीत. आणि गेरूची हौस असेल तर कुंड्यांना लावायचा गेरू भिजवून, आदल्या रात्री तूच चार्टपेपरवर लावून वाळव. मुलांच्या हातात तो ओला देऊ नकोस, त्याचा डाग चिवट असतो.

ब्रश विकत आणायचीही गरज नाही. देवापुढे जळून राहिलेल्या उदबत्तीच्या काड्या जमव, त्या बांबूच्याच असतात. टोक पाण्यात भिजवून बत्त्याने हलकेच ठेच की झाला ब्रश. ठिपक्यांसाठी इअरबड्स. अगदी लहानांसाठी चार नंबरचे दोन-तीन गोल ब्रश ठेव, म्हणजे चिडचिड होणार नाही.

आता घराचं बघ. टीपॉय बेडरूममध्ये, सोफा भिंतीला सरकवलेला आणि वर जुनी चादर. पावसाळ्यात ग्रिलला बांधतेस ते प्लॅस्टिक खाली, त्यावर रद्दी, आणि रद्दीच्या कडा चिकटपट्टीने बसवून टाक, नाहीतर पाय घसरतो. टेबल-खुर्च्या नकोतच. जमिनीवर बसलेल्या पोराच्या हातून वाटी पडली तर बोटभर उंचीवरूनच पडते. पाण्यासाठी ग्लास ठेवू नकोस, तो कलंडतो. पसरट पातेली ठेव, दोघींत एक. हात धुवायला पोरांना बेसिनपर्यंत पाठवायचंच नाही. बाथरूमच्या दाराशी एक बादली, एक मग, पायपुसणं आणि दोन जुने टॉवेल. आणि हो, तुमच्या सोसायटीत पाणी कितीला येतं बघून बादल्या आधीच भरून ठेव. सगळ्यांचे हात पांढरे आणि नळाला थेंब नाही, ही वेळ येऊ द्यायची नाही. प्रत्येकीला येताना बाबांचा जुना शर्ट आणायला सांग. तो उलटा घालून बटणं पाठीवर लावली की एप्रन लागत नाही.

वेळ संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. रविवारी घाटकोपर, मुलुंडकडून कुणी येणार असेल तर मेगाब्लॉक बघूनच वेळ कळव. दुपारचा ब्लॉक संपून गाड्या रुळावर यायला संध्याकाळ होते. वॉचमनकडे नावं देऊन ठेव, आणि खालच्या काकांकडे सकाळीच जाऊन सांगून ये की आज दोन तास पोरांचा गोंधळ असेल. आधी सांगितलं की माणसं समजून घेतात गं. संध्याकाळी त्यांच्याकडे खाऊची एक ताटली पाठव.

दोन तासांतला चित्राचा वेळ फार तर पाऊण तास. सहा-सात वर्षांची पोरं त्यापलीकडे बसत नाहीत, आणि तो तुझा दोष नाही. आली की लगेच कागदाला बसवू नकोस, अंगातली रग आधी जिरू दे. तारप्याचा नाच कर. एक जण मध्ये तारपा वाजवणारा, बाकीच्यांनी हातात हात गुंफून साखळी करायची आणि त्याच्याभोवती फिरायचं. मोबाइलवर तारप्याचा आवाज मिळतो. भोपळा आणि बांबूचं हे वाद्य कसं वाजतं ते त्यांना ऐकू दे. मग खाली बसव आणि सांग, आत्ता आपण जे नाचलो ते काढायचं.

इथे मोठा कागद कामाला येतो. खाकी रोलचा लांबलचक तुकडा मध्ये पसर. मधोमध तू फक्त छोटा तारपावाला काढ, आणि थांब. माणूस कसा काढायचा एवढंच दाखव. दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून. वर गोल डोकं, खाली काड्यांसारखे हातपाय. आता प्रत्येकीने त्या साखळीत स्वतःला काढायचं. कुणाचं पोट मोठं होईल, कुणाला चार हात येतील, कुणी स्वतःसोबत आजीलाही काढेल. काढू दे. साखळी झाली की भोवती जागा आहेच, तिथे त्यांनी बघितलेलं येऊ दे. लोकल, रिक्षा, कोळीण, गच्चीवरची कबुतरं, नॅशनल पार्कातली माकडं, बिल्डिंगमधली मांजर. सगळ्यांचा एकच कागद असला की 'माझं चांगलं, तुझं वाईट' हा प्रकार फारसा उरत नाही. शिवाय प्रत्येकीला घरी न्यायला एक छोटा कागद वेगळा दे, आणि त्यामागे पेन्सिलने नाव आधीच घालून ठेव.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ऐक. पहिला नंबर काढायचा नाही. परीक्षक नाही, बक्षीस नाही, 'बेस्ट पेंटिंग' नाही. आपल्याकडे पोरं ड्रॉइंग क्लासला जातात, मोठी झाली की एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, ते सगळं योग्य वेळी होईल. तुझ्या घरातली ही संध्याकाळ त्यातली नव्हे. एखादी आई थांबेल आणि लेकीचा हात धरून रेघ सरळ करायला लागेल. तिला प्रेमाने स्वयंपाकघरात बोलव, म्हण, जरा चहा बघतेस का माझ्यासोबत? तूही मुलांना 'हे काय काढलंस?' असं विचारू नकोस. 'मला याची गोष्ट सांग' म्हण. मग बघ कशी बोलतात.

एखादं मूल येईल जे नाचणार नाही, बोलणार नाही, भिंतीला चिकटून बसेल. त्याच्या मागे लागू नकोस. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तुला माहीत आहेत ना? लहानपणी आई गेली आणि त्यांनी बोलणंच सोडलं, कित्येक वर्षं धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत. तेव्हा वारली चित्रं बायका काढत, लग्नाकार्यापुरती. जिव्याबाबा रोज काढू लागले, भिंतीवरून कागदावर आणले, आणि त्यांची चित्रं परदेशातल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. तर त्या गप्प पोराच्या शेजारी नुसती एक काडी आणि रंगाची वाटी ठेव, एक छोटा कागद ठेव, आणि आपल्या कामाला लाग. त्याला वाटलं तर काढेल. नाही काढलं तरी ते तुझ्या घरी दोन तास निवांत बसलं, हेही खूप आहे.

खाणं मात्र चित्र काढून झाल्यावरच, हात धुतल्यावर. कागद पंख्याखाली मंद वाऱ्यावर किंवा दोरीवर चिमटे लावून वाळत घाल आणि तेवढ्यात ताटल्या मांड. आपल्याकडे बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला वर्गात बरीच मुलं गुजराती, जैन असतात, म्हणून आयांना आधी विचारून घे. कांदा-लसूण-बटाटा न खाणारी किती, केकमधलं अंडं कुणाला चालत नाही, शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी आहे का. ढोकळा, छोट्या इडल्या, काकडी-चीजचं सँडविच, केळी आणि लिंबाचं सरबत यात सगळे सुखाने जेवतात. शेजवान चटणी त्या दिवशी फ्रिजमध्येच राहू दे. रिटर्न गिफ्टच्या दुकानात तर फिरकूच नकोस. स्वतःचं चित्र आणि स्वतःचा काडीचा ब्रश, एवढं पुरे. चित्र गुंडाळून रबर लाव, चुरगळणार नाही.

आवराआवर मुलांकडूनच सुरू कर. काड्या एका डब्यात, वाट्या बादलीत, रद्दी गोळा करून एका पिशवीत. पोरांना हे चित्राइतकंच आवडतं, बघशील. उरलेलं तू आणि तुझा नवरा मिळून रात्रीच उरका. सोमवारी सकाळी कामाला येणाऱ्या मावशींसाठी ते ठेवू नका, त्यांना अजून चार घरं असतात.

आणि तो मोठा कागद टाकू नकोस. सेक्रेटरींना विचारून खालच्या लॉबीत लाव, गणपतीपर्यंत राहू दे. ज्या पोरांनी काढला ती जाता-येता आपला माणूस बोटाने दाखवतील. पुढच्या सुट्टीत जमलं तर तुझ्या लेकीला घेऊन डहाणूला जा. बोरिवलीहूनच डहाणूची लोकल मिळते, आणि हे चित्र जिथलं आहे तो मुलूख तिला दिसेल.

तर आता कार्टमधला तो सेट काढून टाक आणि ग्रुपवर मेसेज टाक: रविवार, साडेचार, येताना बाबांचा जुना शर्ट. कागद कमी पडला तर मला सांग, माझ्याकडे अर्धा रोल पडलाय, शनिवारी संध्याकाळी आणून देते. काड्या मात्र तूच ठेच गं, त्यातच तुझी निम्मी धाकधूक जाईल.