पोर्चमध्ये रंगवलेली पद्मिनी

जुन्या गाडीच्या रंगकामात प्रत्यक्ष रंग मारायला सर्वांत कमी वेळ लागतो. पद्मिनीएवढ्या गाडीवर तीन हात फवारायला एक दुपार पुरते. त्याआधीचे खरवडणे, गंज काढणे, पुट्टी भरणे आणि घासणे मात्र आठवडेच्या आठवडे खाते. गॅरेजच्या बिलात मोठा वाटा असतो तो याच मजुरीचा. म्हणजे घरी काम करून पैसे वाचतात ते घासण्यात, फवारण्यात नव्हे. हा हिशेब उलटा मांडला, तयारी उरकून फवारणीची हौस भागवली, की काय होते ते नागपुरात प्रस्तुत लेखकाच्या पद्मिनीने वर्षभरात दाखवून दिले. पुढच्या बहुतेक सूचना त्या गाडीच्या खर्चाने मिळालेल्या आहेत.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून आणि 1970 च्या दशकापासून पद्मिनी या नावाने काढलेली ही गाडी आता हौसेपोटीच जपली जाते. तिच्या 1089 सीसीच्या इंजिनाला हात घालणारे मिस्त्री अजून सापडतात. अडचण आहे ती पत्र्याची. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही. सगळा भार बॉडीच पेलते. दारांखालचा उंबरा, पायाखालची फरशी किंवा डिकीचा तळ सडला असेल तर तो प्रश्न रंगाचा नसून गाडीच्या ताकदीचा असतो. पुट्टीने बुजवलेले भोक फक्त दिसेनासे होते. असा पत्रा कापून तिथे नवा वेल्ड करून घ्यावा, आणि हे काम जाणत्या डेंटरकडेच द्यावे. पूर्वीच्या मालकाने कुठे काय लपवले आहे ते कळायला लहानसे चुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे, असे समजावे.

अंगावरचा जुना रंग कोणता, हे नवा रंग विकत घेण्याआधी ठरवावे लागते. थिनरमध्ये भिजवलेला बोळा आडबाजूला चोळला की रंग विरघळून कापडाला लागला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज), सुरकुत्या पडून उचलला गेला तर सिंथेटिक इनॅमल, आणि काहीच झाले नाही तर बहुधा हार्डनरचा पीयू (पॉलियुरेथेन). इनॅमलवर थेट एनसी मारला तर त्यातल्या थिनरने खालचा थर उकलतो आणि गाडीला म्हातारपणाच्या सुरकुत्या येतात. अशा वेळी जुना रंग पत्र्यापर्यंत काढणे किंवा मध्ये इपॉक्सी प्रायमरचा पडदा देणे, एवढेच दोन मार्ग उरतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे तो कोरडा घासून धूळ उडवू नये, ओला घासावा, मुलांना लांब ठेवावे आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

सर्वांत महाग पडलेली चूक पुट्टीची होती. गंजाचे ठिपके घासून बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावर पॉलिस्टर पुट्टी, म्हणजे जुन्या कारागिरांच्या भाषेतली लांबी, भरली गेली ती जुलैत. ती वॉटर पेपरने पाणी मारून घासली आणि दुसऱ्या संध्याकाळी तिच्यावर प्रायमर चढला. दिवाळीत गाडी आरशासारखी दिसत होती. मार्चचे ऊन लागताच मसुराच्या डाळीएवढे फोड उठले. एक फोड नखाने उघडला तेव्हा खाली पत्र्याला ताजा तांबडा गंज होता. कारण सोपे आहे. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, पावसाळी हवेत ते सुकत नाही, वर रंगाचे झाकण बसले की आत कोंडते आणि पत्रा तापला की वाफ होऊन रंगाला ढकलते. म्हणून पुट्टी नेहमी कोरडीच घासावी: 80 नंबरच्या कागदापासून 180 पर्यंत, शेवटी 320. पाणी लागू द्यायचे ते त्यावर टू-पॅक इपॉक्सी प्रायमर चढून पक्का झाल्यानंतर, 400 पासून 800 पर्यंतच्या वॉटर पेपरने. साधा रेड ऑक्साइड किंवा एनसी प्रायमर पाणी अडवत नाही. ‘प्रायमर लागला आहे, आता सवडीने करू’ म्हणून दोन महिने पोर्चमध्ये ठेवलेली गाडी त्या प्रायमरखाली गंजत असते. गंज कागदाने घासून पुरता जात नाही. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावून, ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणे काढून पत्रा पूर्ण सुकवावा लागतो. असे आम्ल किंवा आम्लयुक्त ‘एच’ (etch) प्रायमर असलेल्या जागी थेट पुट्टी मात्र भरू नये, ती नीट धरत नाही.

नागपुरात रंगकामाचा मुहूर्त हवामान ठरवते. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, नवतपात तर उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो. अशा हवेत गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि रंग खरखरीत भुकटीसारखा बसतो. बसलाच तर पसरण्याआधी आळतो, आणि पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखे दाणे येतात. जगभरचे पेंटर या दोषाला ‘ऑरेंज पील’ म्हणतात. नागपूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही. त्यात लू धूळ आणते. उकाडा कमी करायला पोर्चमध्ये कूलर लावण्याची कल्पना सुचते, आणि ती सर्वांत घातक. कूलर ओली हवा फेकतो, खसाच्या काड्या फेकतो आणि फरशीवरची धूळ उडवतो. पावसाळ्यात दोष दुसऱ्या टोकाचा येतो. थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि एनसी रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त असावे, असा नियम आहे. थोडक्यात, काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे, आणि थंडीतही सकाळचे दव पुरते उडाल्यावर, साधारण दहानंतर सुरू करून तीनच्या आत संपवावे. तरीही उन्हाळ्यातच करायचे झाले तर सूर्य वर येण्याआधी, सावलीत आणि सावकाश उडणारे थिनर वापरून करावे.

कोणता रंग, या प्रश्नाचे उत्तर खिशापेक्षा फुप्फुसांकडे पाहून द्यावे. पीयू सर्वांत टिकाऊ आणि चकचकीत, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. वासावरून धोका ओळखू येत नाही. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क त्याच्यापुढे शून्य. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि तो घरगुती बजेटमध्ये बसत नाही. म्हणून पीयू घरी मारू नये, हे ठामपणे सांगायला हवे. एनसीत आयसोसायनेट नसते, तो लवकर सुकतो, ओघळ आला तर घासून पुन्हा मारता येतो. मात्र चमक पॉलिशने काढावी लागते आणि उन्हाने ती उतरते. सिंथेटिक इनॅमल सर्वांत स्वस्त, पण रात्रभर चिकट राहतो आणि तेवढ्यात अंगणातले प्रत्येक चिलट त्यावर मुक्कामाला येते. या दोन्हींसाठीही सेंद्रिय वाफ अडवणारी कार्ट्रिज असलेला मास्क हवाच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. जवळ देवघरातला दिवा, गॅस किंवा ठिणगी टाकणारा स्विच नको, आणि गाडीची बॅटरी सोडवून ठेवावी.

अवजारांबद्दल थोडक्यात. छोटा एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर दार रंगवू शकतो, अखंड गाडी नाही. मध्येच हवा कमी पडली की थुंकी उडते. मोठा भाड्याने घ्यावा आणि नळीला पाणी गाळणारा सापळा जोडावा. प्रायमरला सुमारे 1.8 आणि रंगाला 1.4 मिलिमीटरचे नोझल, सहा ते आठ इंचांचे अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची उसंत. डॅशबोर्डचे सिलिकॉन पॉलिश कामाच्या आसपासही नसावे. त्याच्या कणानेसुद्धा रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. काचा झाकायला वर्तमानपत्र वापरले तर थिनर आरपार जातो आणि बातम्या उलट्या छापून येतात. जाड खाकी कागद घ्यावा.

उडालेला रंग वाऱ्यावर लांब जातो. शेजाऱ्याची गाडी आणि गच्चीवर घातलेले वाळवण, दोन्हींची आधी चौकशी करावी. पोर्चला चारही बाजूंनी प्लास्टिक लावले आणि फरशी ओली ठेवली की धूळ बरीच आटोक्यात येते, पण हवा बाहेर जायला वाट हवी.

रंग बदलायचा असेल तर आरसीवरची रंगाची नोंद आरटीओत बदलून घ्यावी लागते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरण असल्याने तफावत तिथे उघडी पडतेच. लष्करी हिरवा रंग लावू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 121 प्रमाणे तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लिलावातल्या जीपचे हौशी मालक हे हमखास विसरतात. 50 वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाडीला 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, मात्र ती रोज वापरता येत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या पद्मिनीचे काम नंतर एका हिवाळ्यात पुन्हा झाले. खरवडणे, पुट्टी आणि घासणे पोर्चमध्ये, शेवटचे तीन हात भाड्याने घेतलेल्या बूथमध्ये. पैसे अपुरे पडले म्हणून डिकीचे झाकण तेवढे तसेच ठेवले. त्यावरचे फोड दर मार्चमध्ये थोडे वाढतात.