समतेचा पाठ : राखीव जागा कशासाठी?

जामनेर तालुक्यातील शाळांत नागरिकशास्त्र शिकविताना एखादा विद्यार्थी विचारील, "सर्व समान, तर काहींना राखीव जागा का?" शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये. त्यांनी सांगावे : दि. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. संविधानाच्या कलम १४ ने समता दिली. कलम १६(४) ने नोकऱ्यांत आणि १९५१ साली जोडलेल्या कलम १५(४) ने शिक्षणात विशेष तरतुदीस वाव दिला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहीर व शाळा नाकारली गेली, त्यांची वाट मोकळी करणे हे समतेचेच अंग होय. मात्र शिष्यवृत्तीची यादी वाचताना वर्गात कोणाची जात उच्चारू नये. नाहीतर हा सारा पाठ व्यर्थ ठरेल.