पुलंवर बोलायचंय? मग ती यादी आधी फाड!

अगं, मंडळाने तुझं नाव परस्पर घातलं, हे कळलं मला. लग्न होऊन पार्ल्यात येऊन तुला जेमतेम वर्ष झालं, आणि १२ जूनला पुलंवर दहा मिनिटं बोलायचं, तेही पार्लेकरांसमोर! पहिल्या रांगेत ‘वाऱ्यावरची वरात’ रांगा लावून बघितलेल्या आज्या बसणार. पोटात गोळा येणारच गं. पण खरं सांगू का, तुला मस्त जमणार आहे. फक्त तू काल पाठवलेली ती यादी फाडून टाक.

लेखक, नाटककार, नट, दिग्दर्शक, संगीतकार, पेटीवादक, प्राध्यापक, मग पद्मश्री, पद्मभूषण, महाराष्ट्र भूषण... बघ, ही यादी इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. एका वर्षी मीच ती खणखणीत आवाजात वाचली होती. पद्मभूषणपर्यंत पोचले तोवर मागे वड्यांच्या बश्या वाजायला लागल्या होत्या, आणि ‘बटाट्याची चाळ’ अजून यायचीच होती!

त्यापेक्षा एकच धागा पकड. मी तुझ्या जागी असते तर पेटी, म्हणजे त्यांचं संगीत धरलं असतं. उभी राहिलीस की नमस्कार-चमत्कार लांबवू नकोस, सरळ मोबाइल स्पीकरला जोड आणि ‘नाच रे मोरा’ लाव. गाणं सगळ्यांना येतं, बालवाडीतल्या पिल्लांनासुद्धा. मग विचार, चाल कुणाची? गदिमांचे शब्द, आशाताईंचा आवाज हे चटकन सांगतील, पण चालीपाशी निम्मी सभा अडखळेल. ‘देवबाप्पा’, १९५३, संगीत पु. ल. देशपांडे. लगेच दुसरं लाव, भीमसेनांचं ‘इंद्रायणी काठी’. तेही गदिमांचं, तेही १९५३ चं आणि चालही पुलंचीच. चित्रपट ‘गुळाचा गणपती’. त्यात कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन सगळं त्यांचं, वर नायकही तेच. एकाच वर्षात एक पोरांचं गाणं आणि एक अभंगाच्या वळणाचं. बहुरंगी माणूस म्हणजे काय, हे ऐकूनच कळेल. तुला विशेषणं जोडावी लागणार नाहीत.

आणि हो, मध्ये जरा थांब. लोकांना गुणगुणू दे. माइक हातात आला की आपण बायका उगाच घाई करतो, मागून कुणीतरी कुकर लावलाय म्हणून हाका मारत असल्यासारखी.

पार्ल्याचं काय सांगू, म्हणालीस ना? लहानपण जोगेश्वरीला, पण शाळा आपली पार्ले टिळक, एवढं एक वाक्य पुरे. पुढे पुण्यात राहिले, तिथेच गेले, तेव्हा ‘आमचे की तुमचे’ या वादात पडू नकोस. तो वाद त्यांनी स्वतः तुझ्यापेक्षा फार छान घातलाय! त्याऐवजी आजोबांचं सांग. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी, ‘ऋग्वेदी’ नावाने लिहायचे. त्यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठी अभंगांत आणली. आणि नातू पन्नाशीला पोचल्यावर बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला. तू पस्तिशीत स्कूटी शिकायला घाबरतेस, म्हणून मुद्दाम सांगतेय हं.

माणूस कसा उभा करायचा, हे त्यांच्याकडूनच शीक. आज रात्री ‘व्यक्ती आणि वल्ली’ काढ आणि फक्त ‘नारायण’ वाच. त्याची जन्मतारीख, नोकरी, शिक्षण यांवाचून तुझं काही अडणार नाही. लग्नघरात राबणारा नारायण दिसतो आणि आपल्या घरातल्या कार्यात राबलेला कुणीतरी काका आठवतो. तसंच तू कर. पहिल्या रांगेतल्या दोन-तीन आज्यांना आधीच फोन कर. ‘पु. ल. कसे होते’ विचारलंस तर ‘फार मोठे हो’ एवढंच मिळेल. ‘तुम्ही त्यांना कुठे बघितलंत, तेव्हा ते काय करत होते’ असं विचार. आठवणी थोड्या इकडच्या तिकडे होतात त्या वयात, म्हणून साल-बिल तू पुस्तकातून ताडून घे. आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावाने फिरणारी सुविचारछाप वाक्यं? अजिबात नकोत. छापील पुस्तकात सापडलं तरच बोलायचं.

आता जरा नाजूक. त्यांच्या पत्नी सुनीताबाईंना शेवटच्या मिनिटात ‘खंबीर साथ’ म्हणून उरकू नकोस. मला राग येतो त्याचा. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली बाई ती. त्या दोघांचं नोंदणी लग्न झालं रत्नागिरीला, १२ जून १९४६ ला, आणि पु. ल. गेले तेही १२ जूनलाच, २००० साली. हे सांग, पण गळा काढून नको. नुसती तारीख पुरते. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा आपल्या लाडक्या पुलंना घरातला नवरा म्हणून बघणं बऱ्याच जणांना रुचलं नव्हतं. सभेत अजूनही कुणीतरी भुवया उंचावेल. उंचावू दे. माझं मत विचारशील तर ते पुस्तक वाचल्यावर मला पु. ल. जास्त खरे वाटले.

दानाचं सांगायचं तर मुक्तांगण सांग. अनिल अवचटांनी ‘गर्द’च्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून या दोघांनी आपण होऊन पैसे पुढे केले आणि १९८६ मध्ये पुण्यात ते व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते आजही चालू आहे. दाराशी दात्यांच्या नावाचा मोठा बोर्ड लागावा, असली हौस त्यांना नव्हती.

एक शेवटचं, आणि यात ऐकायचंच माझं. पुलंच्या आवाजाची नक्कल करायची नाही. त्या कॅसेटी इथे लोकांना श्वासासकट पाठ आहेत, तू कुठे श्वास चुकलीस तेही सांगतील. तुझ्या नांदेडच्या बोलीत, तुझ्या घरी त्या कॅसेटी कशा ऐकल्या जायच्या ते सांग. ते पार्ल्यात कुणीच ऐकलेलं नाही.

शनिवारी दुपारी ये माझ्याकडे. घड्याळ लावून ऐकते, नऊ मिनिटांच्या वर गेलीस तर कात्री माझ्या हातात असेल. साडी मात्र सुती नेस, त्या हॉलचे पंखे नावालाच आहेत.