आयुष्य किती धरायचं आणि पैसे किती लागतील?

भारताचं सरासरी आयुर्मान 70 वर्षांच्या आसपास आहे. हा आकडा ऐकून साठीचा माणूस म्हणतो, ‘आता उरली दहा वर्षं.’ हिशेब इथेच चुकतो. 70 हा जन्मावेळचा अंदाज; त्यात बालमृत्यूही धरलेले असतात, तरुणपणीचे अपघातही. साठी गाठलेला भारतीय सरासरी आणखी सुमारे 18 वर्षं जगतो, म्हणजे अठ्ठ्याहत्तरपर्यंत. तीही सरासरीच, निम्म्याच्या आसपास लोक ती ओलांडतात. म्हणून पैशाचा हिशेब नव्वदीपर्यंत धरावा, आणि तो नवऱ्याच्या नव्हे, बायकोच्या. ती पाच वर्षांनी लहान असेल तर तो साठीला निवृत्त होताना घराला 35 वर्षांची तरतूद लागते. आपल्याकडे हे गणित फारच थोड्या घरांत मांडलं जातं.

घरखर्च आज महिना 35,000 असेल आणि महागाई 6 टक्के धरली, तर तोच खर्च 12 वर्षांनी 70,000 आणि 24 वर्षांनी 1,40,000 होतो. पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त 30 लाख ठेवता येतात. 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500 पडतात. दर पाच वर्षं बांधलेला, पण रक्कमही तेवढीच राहते. सगळं व्याज खर्चून टाकलं तर सत्तरीनंतर हात आखडता घ्यावा लागेल. थोडं बाजूला टाकत राहा.

दवाखान्याचा खर्च वेगळा धरा. 70 पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं, आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च आपलाच. त्यासाठी जनऔषधी केंद्र गाठा, फरक मोठा पडतो. खासगी आरोग्य विमा पन्नाशीतच घ्या. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही.

आता सवयी. ब्रिटिश डॉक्टरांचा 50 वर्षं चाललेला अभ्यास सांगतो की सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. पन्नाशीत सोडली तर सहा वर्षं परत मिळतात, साठीत सोडली तरी तीन. दिवसाला 100 रुपयांची सिगारेट म्हणजे वर्षाला 36,500, आणि साठीनंतरच्या विम्याच्या हप्त्याला तेवढाच आधार. चालायला पैसे लागत नाहीत. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते, तरी लोक चक्कर येईपर्यंत थांबतात. शहरी सुशिक्षितही!

विमा कंपनीची आजीवन पेन्शन घेणार असाल तर अर्जात ‘पश्चात जोडीदाराला हयातभर’ हा पर्याय निवडा. महिन्याची रक्कम थोडी कमी होते, पण मागे राहणाऱ्याची पेन्शन थांबत नाही. सही करण्याआधीच हे पाहून घ्या. पॉलिसी परत करण्याची (फ्री-लूक) मुदत संपली की पर्याय बदलून मिळत नाही.